पाहणीच्या दिवशीची विहीर

तासगावहून पहाटेची एसटी पकडून मी कोरेगावजवळच्या माझ्या माहेरी पोचले, तेव्हा आई परसातल्या विहिरीत टीसीएल पावडर ओतत होती. पाणी शुद्ध करायला पंचायत देते, तीच. अख्खी पिशवी.

ओढ्याच्या वरच्या अंगाला दारूचा कारखाना आहे. त्याचं मळीचं पाणी ओढ्यात येतं आणि तिथून आमच्या विहिरीत झिरपतं. अर्ज करकरून दमल्यावर मी कोर्टात गेले होते. स्वच्छ पाणी हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं वकीलबाईंनी लिहिलं होतं. पुढे सन्मानानं जगणं वगैरेही होतं. कोर्टानं नेमलेली समिती आज अकरा वाजता विहिरीचा नमुना घ्यायला येणार होती. त्यावरच सगळं ठरणार होतं, आणि आमच्या मातोश्रींनी पुरावाच धुऊन काढला होता.

“आई, काय केलंस हे?”

“सायेब येणार, आन् हीर अशीच घाण ठिवायची व्हय? सकाळधरनं तवंग काढतीया. तुला लाज न्हाई, मला हाय.”

मी तिच्यावर ओरडले. शेजारणी बघत होत्या, तरी ओरडले. शिकलेली लेक आईवर ओरडताना फार वाईट दिसते, हे मला तेव्हाही कळत होतं.

समिती आली. सोबत कारखान्याचा एक अधिकारीही होता, कडक इस्त्रीतला. विहिरीत वाकायचीही गरज नव्हती, पावडरीचा वास दारापर्यंत येत होता. समितीच्या प्रमुख बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच काहीतरी लपवत होते.

“पाणी तर झकास दिसतंय,” कारखान्याचा माणूस म्हणाला.

“सगळं उपसून काढते,” मी बाईंना म्हणाले. “खालून झऱ्याचं नवं पाणी येईल, ते घ्या.”

“लाईट कधीपर्यंत आहे?” बाईंनी विचारलं.

बारापर्यंत. मोटर चालू केली तेव्हा सव्वाअकरा वाजले होते. उन्हाळ्यातलं पाणी, जेमतेम कमरेएवढं, पण संपता संपेना. कारखान्याचा माणूस सारखा घड्याळ बघत होता, आणि मीही. लाईट गेली असती तर समिती परत येणार नव्हती. बाराला पाच कमी असताना मोटर कोरडी घरघरली.

तळ उघडा पडला. मग कपारीतून काळपट तांबडं पाणी हळूहळू गोळा होऊ लागलं आणि मळीचा तो आंबूस वास वर आला. बाईंनी बादली सोडायला लावली, बाटली भरली, सील केली, सगळ्यांच्या सह्या घेतल्या. मी जिंकल्यासारखी आईकडे वळले.

ती तोंडाला पदर लावून उभी होती. पुढे आली आणि तिनं सगळ्यांपुढे हात जोडले.

“माफ करा सायेब,” ती म्हणाली. “असलं पाणी बगायची येळ आणली आमी तुमच्यावर.”

समितीची माणसं खाली बघू लागली. कारखान्याच्या माणसानं मात्र मोठ्या मनानं हात वर केला.

“असू द्या आजी, चालायचंच.”

त्याच्या कानाखाली एक वाजवावी असं मला वाटलं. पण आईला खरोखरच बरं वाटलं होतं. चहा टाकायला ती लगबगीनं आत गेली, त्याच्यासाठीसुद्धा.