ओटोच्या बिअरमधला गोडवा

नॉर्बर्ट कुबियाकने तीस वर्षं विस्कॉन्सिनमधल्या गोठ्यागोठ्यांतून फिरून दुधाचं फॅट तपासलं. या धंद्यात माणूस कुणाचा लाडका होत नाही. दूध पातळ असेल तर तोंडावर सांगायचं आणि रविवारी चर्चमध्ये त्याच शेतकऱ्याशेजारी बसायचं. निवृत्त झाल्यावर त्याने तळघरात घरची बिअर करायला घेतली, तीही त्याच खोडीने, वही आणि थर्मामीटर घेऊन. बायको हयात असती तर म्हणाली असती, गाई सुटल्या, आता पिंपं धरली.

स्वतःची अशी वेगळी बिअर त्याला करायचीच नव्हती. गावाबाहेरच्या छोट्या ब्रुअरीत ओटो रीम जी तपकिरी बिअर करायचा, हुबेहूब तीच त्याला हवी होती. त्या मुलखात घरी बिअर करणारा दारात आला तर ब्रुअरीवाला त्याला विन्मुख पाठवत नाही. ओटो तोंडाने फटकळ, पण हाताने मोकळा. त्याने माल्टची मापं लिहून दिली, कडवटपणासाठी हॉप्सची फुलं कधी टाकायची ते सांगितलं, घरचं पाणी तसंच जुळवता यावं म्हणून आपल्या पाण्याच्या तपासणीचा कागद दिला, एका बरणीत आपलं यीस्टसुद्धा दिलं. वर म्हणाला, बरणी तेवढी परत आण.

एवढं होऊनही जमेना. ओटोच्या बिअरचा घोट संपताना जिभेवर हलका गोडवा राहायचा. तीनएक वर्षांपूर्वी तो कुठूनसा आला आणि गावाने त्या बिअरला डोक्यावर घेतलं. नॉर्बर्टची बिअर मात्र दर वेळी कोरडी ठणठणीत. घरी बिअर करणाऱ्यांच्या क्लबातले टवाळ विचारायचे, यंदा काय, लाकूड उकळलंस का?

खरं तर त्या मार्चमध्ये बिअरचा नाद करावा अशी घरची परिस्थिती नव्हती. मुलगा डेल ट्रक घेऊन आठ-आठ दिवस बाहेर असे. सून मार्नी ब्रुअरीपासून अर्ध्या मैलावर, टेकडीच्या पायथ्याच्या घरात, सात आठवड्यांच्या टेसाला घेऊन एकटी. अंगावरचं दूध पुरेना म्हणून पोरीला पावडरच्या दुधाची बाटली सुरू केलेली. बाटली ती संपवायची, पण अंग काही धरेना. मलूल पडून राहायची, आणि ओठांभोवती शाईचं बोट फिरवल्यासारखी निळसर कड दिसायची. डॉक्टर म्हणाले, हृदयाचं काही असू शकेल, मोठ्या शहरात दाखवा. तिथली तारीख मिळाली पंधरा दिवसांनंतरची. हाती करण्यासारखं काही नसलं की माणूस सल्ला देतो, तसा नॉर्बर्टनेही दिला. घराला बोअरचं पाणी आहे, तेव्हा पावडर कालवण्याआधी ते वीस मिनिटं खळखळून उकळत जा. बिअर करणाऱ्याचा उकळण्यावर देवाइतका भरवसा असतो. मार्नी ऐकणारी पोरगी, त्या दिवसापासून तसंच करू लागली.

जीव कुठेतरी गुंतवायचा म्हणून तो पुन्हा ओटोच्या मागे लागला. एका दुपारी त्याचा संयम सुटला आणि त्याने सरळ ऐकवलं, तू काहीतरी दडवतोयस. पिंप धुणाऱ्या ओटोने पाण्याचा पाइप खाली टाकला.

"दडवायला आधी मला ठाऊक तर हवं," तो म्हणाला. "तो गोडवा मी घातलेला नाही रे. माझं यीस्ट हल्ली साखर खाता खाता अर्ध्या वाटेतच दमतं, उरलेली तशीच राहते. लोकांना आवडलं, मी गप्प बसलो."

चाळीस वर्षांच्या ब्रुअरीवाल्याने हे कबूल करायचं म्हणजे काय, ते नॉर्बर्टला कळलं आणि त्याला आपल्याच बोलण्याची लाज वाटली. घरी जाऊन त्याने ओटोचा पाण्याचा कागद नीट पाहिला. त्यावरची तारीख सहा वर्षांपूर्वीची होती. दुसऱ्या दिवशी त्याने ब्रुअरीच्या बोअरचं पाणी कॅन भरभरून आणलं, एक बाटली तपासणीला धाडली आणि बाकीच्या पाण्यात बिअर लावली.

दहाव्या दिवशी त्याने पेलाभर काढून चाखली. गोडवा होता. तोच, तेवढाच. म्हातारा तळघरात एकटाच हसला. मग वर येऊन त्याने टपालातलं पाकीट फोडलं. पिण्याच्या पाण्यात जेवढं नायट्रेट चालतं, त्याच्या चौपट त्या पाण्यात होतं.

तो तसाच ब्रुअरीत गेला. ओटोने तो कागद दोनदा वाचला आणि खिडकीतून टेकडीकडे पाहिलं. तिथे चार वर्षांपूर्वी दोन हजार गाईंची डेअरी आली होती, आणि तिचं पातळ शेण वर्षभर उतारावर पसरलं जाई.

"शेण झिरपलंय," ओटो म्हणाला. "यीस्ट मरत नाही याने, पण झिजतं."

"आणि उकळलं तर?"

"उकळून जंतू मरतात. हे कसं मरणार? पाणी वाफ होऊन जातं, हे मागे उरतं. जितकं उकळशील तितकं दाट."

नॉर्बर्टने अशा पाण्याने वासरं निळी पडून मरताना पाहिली होती, एकदा नव्हे, तीनदा. मार्नीचं घर त्याच उताराखाली होतं. त्याने ओटोचा फोन उचलून तिचा नंबर फिरवला. लाइन गुंतलेली. पोर झोपली की ती रिसीव्हर काढून ठेवायची. तो टोपी तिथेच विसरून गाडीकडे धावला.

मार्नी स्वयंपाकघरात टेसाला मांडीवर घेऊन बसली होती. बाटली अर्धी झालेली.

"आज अर्धा तास उकळलं, डॅड," ती म्हणाली. "सकाळपासून हिचं काही बरं दिसत नाहीये म्हणून."

त्याने बाटली हिसकावली. पोरीचा चेहरा राखेच्या रंगाचा झाला होता.

हॉस्पिटलात रक्त काढलं तेव्हा नळीत लाल काही आलंच नाही. चॉकलेटसारखं तपकिरी, दाट रक्त. तरुण डॉक्टर क्षणभर त्याकडे बघतच राहिला. नॉर्बर्टने त्याच्या हातात कागद कोंबला आणि बोअरचं सांगितलं. मग धावपळ झाली, शिरेतून औषध सुरू झालं. डॉक्टर म्हणाला, तासाभरात कळेल. चेहऱ्यावरून त्याला स्वतःलाच खात्री दिसत नव्हती.

फॉर्म भरताना त्याने विचारलं, पाणी उकळत होतात का, आणि तसं कुणी सांगितलं होतं. मार्नीने खाली पाहिलं. मलाच वाटलं, असं ती पुटपुटली. सासऱ्याचं नाव तिने घेतलं नाही.

नॉर्बर्टला गप्प बसता आलं असतं. तसा मोहही त्याला फार झाला.

"तिला नाही वाटलं," तो म्हणाला. "मी सांगितलं. वीस मिनिटं उकळ म्हणून, मी."

डॉक्टरने लिहून घेतलं. मार्नीने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं, आणि मग उठून टेसाच्या खाटेच्या पलीकडच्या बाजूला जाऊन उभी राहिली.