मदतीचं बटण

माझ्यासारख्याने असं काही लिहावं का, ठाऊक नाही. घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. काही चुकलं तर सांभाळून घ्या.

मी मोबाइलवर खेळायचं शब्दकोडं तयार केलं आहे. ते नेमाने सोडवणारे एकटेच, गावी शिवणकाम करणारे माझे बाबा. त्यातले बरेच शब्दही त्यांनीच फोनवर सांगितलेले. "बटण जिथून जातं ते. दोन अक्षरी. लिही, काज. आणि ते मदतीचं बटण काढून टाक. विचारूनच भरायचं, तर कोडं सोडवायचं कशाला?"

ते बटण कोणी कधी दाबलं, हे मला माझ्या स्क्रीनवर दिसतं. बाबांनी एकच कोडं चार दिवस उघडलं होतं आणि चारही दिवस 'काज' या शब्दाला मदत घेतली होती.

मला वाटलं, प्रोग्रॅमच चुकतोय. आठवडाभर एकेक ओळ तपासली. आपली चूक सापडावी असं आयुष्यात पहिल्यांदाच वाटत होतं. मित्र म्हणाला, "सगळं बरोबर आहे रे." आकड्यांतून माणूस दिसत नाही. बटण दाबण्याआधी बाबा किती वेळ थांबत असतील, कोणी बघत नाही ना म्हणून मान वळवत असतील का, हे कुठेच नोंदलं जात नाही.

काल आईचा फोन आला. "परीक्षा होईपर्यंत तुला सांगू नको म्हणाले होते. डॉक्टर म्हणतात, विसरणं आता वाढतच जाणार. सकाळी मला विचारत होते, आपल्याला मुलं किती?"