मष्णूचं चामड्याचं सीट

मष्णूच्या बुडाखाली जन्मापासनंच निखारा असावा. जेवायला बसला तरी एक गुडघा उभाच. पंचायतीनं त्याला गावाला पाणी सोडायचं काम दिलं, तेही पळापळीचं. पहाटे सायकलवर टांग टाकायची, सात व्हॉल्व्हांवर फिरायचं, एक बंद करून दुसरा सोडायचा. निपाणीच्या अंगाला असलेल्या त्या गावात वीस वर्षं तो असा पळतोय.

यंदा सायकलचं फोमचं सीट फाटलं, खालचा पत्रा वर आला, आणि बसायच्या जागी मष्णूला गळू झालं. उभ्यानं पायंडल मारून गुडघे गेले. शेवटच्या गल्लीला पाणी तासभर उशिरा. त्याच गल्लीतला पंचायत मेंबर ओमकार चौकात म्हणाला, "मष्णूमामा, सोमवारी सहाला पाणी आलं न्हाय तर मोटरसायकलवाला कोणतरी बघणार. मग बोलायचं न्हाय."

मष्णूनं निपाणीच्या भंगारवाल्याकडनं चामड्याचं जुनं सीट आणलं. खाली स्प्रिंगा, पण वर सुकून पाट झालेलं. बायको मनुबाईनं बोटानं वाजवून बघितलं. "अवो, ह्याच्यावर बसणार हायसा का भाकऱ्या थापणार?"

मष्णूला धीर कुठला! नवं पायताण चावाय लागलं की आपल्याकडं तेल पाजतात. त्यानं सीटाला अर्धी बाटली एरंडेल पाजलं आणि दोन दिवस उन्हात ठेवलं. शनिवारी बसला, तर चामडं झोळीसारखं खाली गेलं आणि मधली लोखंडी दांडी नेमकी गळवाला भिडली. असा बोंबलला, की म्हशीनं दावं तोडलं.

फेंगडत, सायकल ढकलत तो पायताणं बांधणाऱ्या जोतिबाकडं गेला.

"आरं मर्दा, पायताण पायाबरूबर वाकाय पायजे. हे तुला उचलून धराय पायजे. ह्याला तेल कसलं वततोस?"

जोतिबानं सीट भुशात घोळून तेल काढलं. आरीनं दोन्ही कडांना भोकं पाडली, खालनं चामड्याची वादी ओवून करकचून ताणली. सीटाच्या पुढच्या चोचीखालचा नट अर्धाच फेरा आवळला.

"बस."

मष्णू बसला आणि लगेच उतरला.

"का रं?"

"आण्णा, दुपारचा व्हॉल्व्ह..."

"तू बसलास कवा? नुसता टेकलास. माप कुणाच्या बुडाचं घेऊ, माझ्या? भिंतीला हात लाव, सगळा भार टाक. माझी बिडी सपस्तवर हलायचं न्हाय."

एवढी लांब बिडी मष्णूनं आयुष्यात बघितली नव्हती. खिशात फोन वाजत होता, मांड्यांत मुंग्या आलत्या. त्यात बिडी विझली. जोतिबानं सावकाश काडी शोधली. मग एक डोळा मिटून बघितलं, चोच बोटभर खाली केली, सीट दोन बोटं वर घेतलं. "आता?"

मष्णूनं श्वास धरला. काहीच टोचलं नाही.

सोमवारी सातव्या व्हॉल्व्हपर्यंत तो बसूनच गेला आणि पाना फिरवून मोकळा झाला. नळ भडाभडा सुटले. त्या शेवटच्या गल्लीतली मंगल केस सोडलेली तशीच बाहेर आली. "मुडद्या, घागरी घासल्या न्हाईत अजून! पाणी काय उशाला घेऊ?"

ओमकार तोंडात ब्रश घेऊन आला. "मामा, पावणेसहा झाल्यात की!"

"तुमीच म्हणालासा, उशीर नगं."

"म्हणून असं? उद्यापासनं बरोबर सहाला सोड."

"सोडतो की," म्हणत मष्णूनं टांग टाकली. मंगलची दुसरी शिवी त्याला गाठू शकली नाही.