जुना कॉम्प्युटर, ताईचं लग्न आणि आप्पा

टीव्हीवर चित्र आलं, पण काळंपांढरं... सुरतेत डिंडोलीच्या आमच्या घरातली नव्वदच्या दशकाच्या शेवटची एक सुट्टीची दुपार. मी खुशीत, आणि माय म्हणतेय की चांगला रंगीत टीव्ही होता, तोही बिघडवून ठेवला.

मी तेव्हा रिंग रोडच्या एका मार्केटमध्ये कॉम्प्युटरवर साड्यांची डिझाइनं करायचो. ऑफिसात नवी मशीनं आली आणि शेठने जुना पेन्टियम मला देऊन टाकला... "लई जा भाई, जग्या रोके छे," म्हणजे घेऊन जा, उगाच जागा अडवतोय. मी त्यात टीव्हीला जोडायचं कार्ड बसवलं. सीडी ड्राइव्ह होताच. शेवटी एक सेटिंग बदललं आणि टीव्हीवर रंगही आले.

घरात व्हीसीआर कधी नव्हता. आता गाणी, सिनेमे, सगळं एकाच डब्यात! मायने डब्याला हळदकुंकू लावलं आणि आप्पा, म्हणजे माझे वडील, कामाला होते त्या लूमवरच्या कापडाचं झालरीचं कव्हर शिवून घातलं. सुरतेत कुठल्याही घरात वस्तू उघडी राहत नाही... फ्रीजवर साडी, टीव्हीवर साडी. आतला पंखा गुदमरून डबा सारखा बंद पडायचा, आणि मी येड्यासारखा वायरी तपासत बसायचो.

पण माझ्या डोक्यात दुसरंच होतं. सुनंदाताईच्या लग्नाची कॅसेट. ती मी दुकानात देऊन तिची सीडी करून घेतली होती. आप्पांनी ते लग्न एकदा नीट पाहावं, म्हणजे लेकीशी बोलावंसं वाटेल, एवढीच इच्छा. कारण ताई आप्पांवर रुसली होती, आणि का ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

आम्ही मूळचे खान्देशातले, ताईचं सासरही तिकडचंच. तिथं आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, लेकी माहेरी येतात. त्यांना आणायला जातो तो मुराळी. लग्नानंतरच्या पहिल्या आखाजीला मुराळी म्हणून मी गेलो. दारात मला बघून ताईचा चेहरा पडला... मला वाटलं, प्रवासाने माझा अवतार झालाय म्हणून असेल.

माहेरी आली, पण आखाजीच्या झोक्यावर बसली नाही, आप्पांशी धड बोलली नाही आणि लवकर परत गेली. त्यानंतर फोनवर सगळ्यांची चौकशी करायची, आप्पांचं नावही नाही. आप्पाही पीसीओवर यायचे नाहीत. तूच बोल म्हणायचे, आणि मी परत आलो की हळूच विचारायचे, ती काय म्हणाली. दोघं एकाच मातीचे, असं माय वैतागून म्हणायची.

तर त्या दुपारी आम्ही तिघं टीव्हीसमोर बसलो. त्या काळच्या लग्नाच्या कॅसेटी आठवतात ना... माणसं बोलताना दिसतात, पण ऐकू येतात ती सिनेमातली गाणी. सगळं लग्न मुकं.

आणि आप्पा एकदम हसले. पंगतीतल्या एका पाहुण्याकडे बोट दाखवून म्हणाले, "यो म्हनस, वरनमा मीठ कमी शे." मग मामा काय म्हणताहेत, भटजी कुणाला दटावताहेत, सगळं सांगायला लागले. मायची हसून हसून पुरेवाट. लूमच्या खात्यात, म्हणजे कारखान्यात, त्या धडधडाटात कानाचा काय उपयोग... उभा जन्म आप्पांनी ओठ बघूनच बोलणं ओळखलेलं. त्यांचे कान थोडे जड आहेत, हे आम्हाला माहीत होतं. थोडे, असं आम्ही समजत होतो.

मग पाठवणी आली. ताई आप्पांच्या खांद्यावर डोकं टेकवून रडतेय, आप्पा मान हलवताहेत. फोटोग्राफर आप्पांच्या मागे उभा, त्यामुळे ताईचा चेहरा अगदी समोर. वर गाणं जोरात चाललेलं...

आप्पांचं हसू गेलं. मला म्हणाले, मागे घे. मी घेतलं. पुन्हा घे म्हणाले. मग ताईचे ओठ हलताना बघत, एकेक शब्द जुळवत, ते बोलायला लागले.

"आप्पा... आखाजीले माले लेवाले तूच येजो. भाऊले नको धाडजो."

मी स्पेसबार दाबला. चित्र तिथंच थांबलं, ताईचं तोंड अर्धं उघडं. आप्पा म्हणाले, तेव्हा तिचं तोंड माझ्या खांद्यावर होतं, मला दिसलं नाही रे... काहीतरी बोलतेय एवढं कळलं, म्हणून नुसतं हो हो म्हणालो. आणि तिला वाटलं, बापाने स्वतः न्यायला यायचा शब्द दिला आणि मोडला.

मायने त्यांना विचारलं, फोनवर काहीच ऐकू येत नाही का? आप्पांनी मान खाली घातली. लूमचे शेठ 'म्हातारा बहिरा झाला' म्हणून काढून टाकतील, या भीतीने त्यांनी घरातही सांगितलं नव्हतं. माय पदर डोळ्यांना लावून बसून राहिली. मला खूप वाईट वाटलं, आणि आप्पांवर भयंकर माया आली... ती कशी दाखवायची ते कळेना, म्हणून उगाच वायरी आवरत राहिलो.

त्यानंतरच्या आखाजीला आप्पांनी रजा टाकली, इस्त्रीचं धोतर नेसले आणि भुसावळ पॅसेंजरने ताईला आणायला एकटेच गेले. ताईला फोनवर मी काहीही सांगितलं नव्हतं. दारात आप्पांना बघून ती काय बोलली, हे दोघांनी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

मी उधना स्टेशनवर घ्यायला गेलो होतो. गर्दीत आधी ताईची पाठ दिसली. ती प्लॅटफॉर्मवर उलटी चालत येत होती, लोकांचे धक्के खात, आप्पांकडे तोंड करून... आणि सारखी बोलत होती.

शेठने जागा अडते म्हणून दिलेल्या त्या डब्याचे आभार कसे मानायचे, मला अजून कळलेलं नाही. त्यानंतर आमच्या घरात कुणीही आप्पांशी पाठमोरं बोललं नाही.