तोंडवलीच्या वाळूवर एक गाणं

सहा वाजून दहा मिनिटांनी कणकवलीहून एस.टी. सुटली. आमच्याजवळ एक व्हिडिओ कॅमेरा, एक टेपरेकॉर्डर, तीन रंगीत छत्र्या आणि सात माणसं. त्यांत सत्तेचाळिशीचा मी एकटा, बाकी सगळी विशीतली. माझी मुलगी नीता आणि तिच्या कॉलेजातल्या चौघांनी स्वतः गाणं रचून कॅसेटवर गायलं होतं. कॅसेट लावून नाचायचं, त्याची फिल्म करायची आणि गॅदरिंगला टीव्हीवर दाखवायची, असा बेत. कॅमेरा माझ्या भाच्याचा, प्रकाशचा. तो संध्याकाळी पुण्याला परतणार, म्हणजे काय ते आजच. वेळापत्रक माझ्याकडे होतं.

वाटेत कट्टा गावाला गाडी अकरा मिनिटं थांबली. उसळ-पाव झणझणीत होता. गाणं लिहिणाऱ्या मोहनने चहा शर्टावर सांडला आणि डाग दिसू नये म्हणून शर्ट उलटा घातला. फिल्ममध्ये तो तसाच आहे.

मालवणला गाडी बदलली, मग होडीने खाडी ओलांडून तोंडवली. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला समुद्र, मधे माड आणि सुरूची झाडं. किनाऱ्यापासून साठ पावलांवर वाळूचा एक लांबट पट्टा उघडा पडला होता. नीताला नाच तिथेच हवा होता.

काठावर एक कोळीण बांगडे वाळत घालत होती. तिने आम्हाला हटकलं.

"खंय चललात? भरती लागली हा."

मी खिशातून भरती-ओहोटीच्या वेळांचं कात्रण काढलं. "मावशी, ओहोटी अकरा दहापर्यंत आहे. पेपरात आलंय."

"पेपर खंयचो?"

"मुंबईचा."

"मगे मुंबैक जावन नाचा."

पोरं हसली. मीही हसलो आणि सगळ्यांना घेऊन पट्ट्यावर गेलो.

इथलं पाणी मुंबईच्या आधी फिरतं, सुमारे तासभर. समुद्राकाठच्या जिल्ह्यात जन्म काढून मला ते ठाऊक नव्हतं. एकेक कडवं पुन्हा पुन्हा घेत होतो; पहिलं कडवं झालं तेव्हा पाणी घोट्याला, दुसऱ्याला गुडघ्यावर. परतताना कमरेपर्यंत आलं. प्रकाशने कॅमेरा डोक्यावर धरून वाचवला. मोहनचा पाय घसरला आणि टेपरेकॉर्डर कॅसेटसकट बुडाला.

नीता ओली, काठावर बसली. "बाबा, ती सांगी होती मा तुमका," एवढंच म्हणाली आणि तोंड फिरवलं. अर्धं गाणं हातात. उरलेल्याला कॅसेट नाही. महिनाभराची तालीम माझ्या कात्रणाने बुडवली होती. 

मावशीने बांगडा उलटा केला. "यंत्र बुडला. तुमची तोंडा बुडली काय रे? म्हणा गाणा. माका ऐकाचा आसा."

"मामा, बॅटरी चार-पाच मिनिटंच चालेल," प्रकाश माझ्या कानात म्हणाला. "एकदाच जमेल."

नीता उठली. तिने सूर धरला, तो जरा वरचाच लागला. मोहन स्वतः लिहिलेली ओळ विसरला. बाकीच्यांनी "ला ला" करून ती भरून काढली. मावशी ताल धरायला गेली आणि तिसऱ्या टाळीला चुकली, तशी सगळी हसतच गायला लागली. ओले कपडे, केसांत वाळू, एक छत्री उलटी झालेली.

शेवटच्या कडव्याच्या आधी कॅमेऱ्यातला लाल दिवा विझला. प्रकाशने माझ्याकडे पाहिलं. मी बोट ओठांवर ठेवलं. त्याने डोळा कॅमेऱ्याला तसाच लावून ठेवला आणि पोरं बंद कॅमेऱ्यासमोर गाणं पूर्ण करून थांबली.

मी त्यांना ते परतीच्या होडीत सांगितलं. नीताने उलटी झालेली छत्री सरळ केली. "मगे शेवटचा कडवा कोणीच बघूचा नाय?"

"आम्ही बघितलं," मी म्हणालो.

गॅदरिंगला फिल्म मधेच तुटली तेव्हा सभागृहात शिट्ट्या झाल्या. पाचही जणं उठून मंचावर गेली आणि उरलेलं कडवं तिथेच म्हणाली. ते तोंडवलीसारखं मात्र झालं नाही. या खेपेला कोणीच चुकलं नाही.