नागनाथचा पहाटेचा पाऊस

पाऊसमोजणीच्या कचेरीत व्यंकोजी बावीस वर्षं आकडे तपासत आले होते, पण समुद्र त्यांनी पाहिलेला नव्हता. सात पिढ्या बंगळुरात गेलेल्या. इथला पाऊस दुपारी चारच्या सुमाराला यायचा आणि पाऊस म्हटला की दुपारचाच, अशी त्यांची खात्री. म्हणून १९५८ च्या ऑक्टोबरात किनाऱ्यावरचा निरीक्षक नागनाथ ‘सुरुवात पहाटे पाच’ असं लिहून पाठवू लागला आणि तिथून सहा कोस आतलं, डोंगराच्या पायथ्याचं केंद्र ‘दुपारी तीन’ कळवत राहिलं, तेव्हा व्यंकोजींनी लाल शाईत शेरा मारला : ‘निरीक्षक घरबसल्या वेळा लिहितो.’

त्या शेऱ्यावरून नागनाथला कामावरून काढायचा हुकूम टाइप झाला. टपाल पाचला निघायचं.

चार वाजता नागनाथचा तक्ता फायलीला लावताना व्यंकोजींची नजर वाऱ्याच्या रकान्यावर गेली. तो रकाना ते कधी वाचतच नसत. पहाटे पाऊस झाला त्या प्रत्येक रात्री वारा जमिनीकडून समुद्राकडे. वारा पडलेल्या दोन्ही रात्री पाऊस नाही. त्यांनी पायथ्याचा तक्ता ओढला. तिथे दुपारचा वारा समुद्राकडून. रात्री जमीन निवते, तिचा गार वारा समुद्रावरच्या दमट हवेखाली शिरतो, ढग किनाऱ्याशी उभे राहतात. दिवसा जमीन तापली की समुद्राचा वारा ती दमट हवा डोंगराकडे लोटतो. दोघांनीही खरंच लिहिलं होतं. दोन्ही तक्ते घेऊन व्यंकोजी साहेबांकडे जायला उठले.

शेजारच्या टेबलावरचा रघुजी कुजबुजला, “अण्णा, स्वल्प, जरा विचार करा. हेडक्लार्कची जागा तोंडावर आलीय. तो नागनाथ काय तुमचा जावई लागतो?”

“जावई असता तर इतकं चोख लिहिलं नसतं रे त्यानं.”

आतल्या खोलीत भगवंतराव साहेब हुकमावर सही करायला पेनचं टोपण काढून बसले होते.

“साहेब, सही करू नका. तो शेरा चुकीचा आहे.”

“शेरा कुणाचा?”

“माझा.”

साहेबांनी दोन्ही तक्ते पाहिले, मग घड्याळ. पाचला दहा मिनिटं कमी होती. “तोंडी नाही चालायचं, व्यंकोजीराव. लिहून द्या. तुमच्या सेवापुस्तकात जाईल ते.”

व्यंकोजींनी उभ्याउभ्याच लिहिलं. सही जरा वाकडी आली. साहेबांनी कागद वाचला आणि हुकूम आडवा फाडला.

जानेवारीत हेडक्लार्क रघुजी झाला. पेढ्यांचा पुडा घेऊन तो आधी व्यंकोजींकडेच आला. त्यांनी दोन घेतले.