नंदानं कानात सांगितलेलं

“हे पोट्टी बोलत नाही, पन खोटं बी बोलनार नाही. इलेच पाठवा.”

वहिनीचे मामा माझ्याबद्दल दादाला म्हणाले. मी दाराआड कप पुसत उभी होते. त्या दिवसाबद्दल मी आजवर कुणाशी बोललेले नाही. तुम्हाला तरी का सांगतेय — तेही नीट कळत नाही.

दादा, माझा भाऊ, भिलाईला फिटर. मी शाळेसाठी त्याच्याकडे राहायचे. कारखान्याचं बांधकाम अजून चालूच होतं, वाळत घातलेल्या कपड्यांवर रोज लाल धूळ बसायची. वहिनीचं आणि त्याचं पटेनासं झालं होतं. तिला नागपूरला मास्तरणीच्या ट्रेनिंगला जागा मिळाली, आणि सहा वर्षांच्या नंदाला घेऊन जाते म्हणाली. दादा म्हणाला, तू जा, पोरगी इथंच राहील. कोर्टकचेरी नको म्हणून दुर्गहून वहिनीचे रेल्वेतले मामा आले.

“क्वार्टर तुमच्या नावावर अलॉट झालं,” वहिनी दादाला म्हणाली, “पोरगी बी झाली का?”

मामा हसले. दादा हसला नाही. शेवटी ठरलं — नंदा म्हणेल तसं. दोघांनी शब्द दिला. पण नंदा मोठ्यांसमोर तोंडच उघडेना. काही सांगायचं तर ती फक्त माझ्या कानात सांगायची. म्हणून मला तिच्यासोबत मागच्या अंगणात पाठवलं.

तिनं सांगितलं. अगदी स्पष्ट. “आत्या, मले आईसंग जायचं हाय. तू बी चाल.”

यापुढचं मला धड लावता येत नाही. मला ती हवी होती का? हो — शाळेतून आल्यावर माझ्याशी बोलणारी तीच एक. की दादाची भीती होती? की क्वार्टर? बायको-पोर गेलं की फॅमिली क्वार्टर काढून घेतात, असं शेजारी म्हणायचे. मग दादा एकट्या कामगारांच्या हॉस्टेलात, मी गावी तुमसरला परत, आणि माझी इंग्रजी शाळा सुटली. हे सगळं अंगणातून आत येईपर्यंत मनात आलं? की नंतर मी रचलं? खरंच माहीत नाही.

वहिनीला माझा संशय आला नाही, एवढं माहीत आहे. तिनं शब्द पाळला. दुसऱ्या दिवशी एकटीच गेली. जाताना नंदाच्या रिबिनी माझ्या हातात देऊन म्हणाली, “वेणी घट्ट घालजो, नाहीतं सुटते.” आणि नंदा? मी बोलले तेव्हा तिनं माझ्याकडे पाहिलं — रागानं नाही. आत्या म्हणते म्हणजे आपणच काही चुकीचं सांगितलं असेल, तसं. पुढे ती सगळ्यांशी बोलायला लागली. माझ्या कानात मात्र पुन्हा कधी काही सांगितलं नाही.

आम्ही आत आलो. तिचं बोट माझ्या मुठीत होतं. वहिनी उठून उभी राहिली होती — जणू निघायचीच खोटी.

“काय म्हनते?” मामांनी विचारलं.

गप्प राहिले असते तर त्यांनी पुन्हा विचारलं असतं, कदाचित नंदालाच. पण मी बोलले, सगळ्यांना नीट ऐकू जाईल असं.

“नंदा म्हनते, मले बाबाजवळच राहायचं हाय.”